कुडव्याचे घर आणि त्यातील नऊ माणसे

मी, शामकला योगराज रहांगडाले, वय ६८ वर्षे, सेवानिवृत्त परिचारिका, राहणार कुडवा, ता. जि. गोंदिया, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली नव्हे, तर नाइलाजाने लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. यकृत मात्र शाबूत नाही. नागपूरच्या डॉक्टरांनी दिवाळीपर्यंतची मुदत सांगितली आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. कुडव्याचे घर माझ्या पगारातून बांधलेले असून माझ्या एकटीच्या नावावर आहे. सोळा वर्षांपूर्वी, पती वारल्यानंतर, मी गोंदिया स्टेशनवर पडून असलेल्या एका म्हातारीला चार दिवसांसाठी येथे आणले. तिच्या पायाची जखम सडली होती आणि दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर तिला जायला ठिकाण नव्हते. त्यानंतर माणसे येत गेली. काही येथेच वारली. आज नऊ जण आहेत.

२. पतीकडून माझ्या वाट्याला आलेली केशोरी येथील धानाची शेती मुलगा भूपेंद्र याला द्यावी. तो रायपूरला नोकरी करतो. घर त्याला का देत नाही हे तो जाणतो, पण त्याची बाजूही येथे लिहिली पाहिजे. तो दहावीत असताना, ऐन परीक्षेच्या आठवड्यात, मी त्याच्या खोलीत दोन आजारी बायका ठेवल्या. तो ओसरीत बसून अभ्यास करायचा. मागच्या महिन्यात फोनवर म्हणाला, "आई, तुझ्या घरात जागा मिळायला मला बेघर व्हावं लागलं असतं." भूपेंद्र, तुझे बरोबर होते. माफी मागायची ही जागा नव्हे, पण समोरासमोर मला धीर होत नाही.

३. या कामातून तुला काय मिळाले, असे नातेवाईक विचारतात. मिळकतीच्या यादीत ते बसत नाही, तरी लिहिते. बकाराम नावाचा म्हातारा आमच्याकडे दोन वर्षे एक शब्द न बोलता राहिला. एका पावसाळ्यात शेजारच्या धानाच्या बांधीत रोवणा, म्हणजे भातलावणी, चालू होता. तो चिखलात उतरला, बायांच्या ओळीत रोवू लागला आणि त्यांना आपले गाव सांगून बसला. दवनीवाडा. गावातल्या ओमेशच्या ऑटोने मी त्याला घरी नेले. मुलांनी त्याची तेरवी उरकून शेत वाटून घेतले होते. थोरल्याने पाणी दिले आणि बापाला ठेवणे जमणार नाही असे मलाच सांगितले, बापाला नाही. बकारामने तांब्या खाली ठेवला आणि मला म्हणाला, "चाल बाई, घरी जाऊ." त्याने "घरी" म्हटले. मला मिळाले ते एवढे.

४. एक गोष्ट आजवर कोणाला सांगितलेली नाही. तीन वर्षांपूर्वी मे महिन्याच्या दुपारी एका बाईने आमचे फाटक वाजवले. हातात गाठोडे होते. त्या दिवशी घरात तिघांना हगवण लागली होती आणि सकाळपासून मी चादरी धूत होते. खिडकीतूनच तिला जागा नाही म्हणाले. पलंग नव्हता, पण ओसरी मोकळी होती. तिने वाद घातला नाही. नळावर पाणी प्यायली आणि गेली. संध्याकाळी बस थांब्यावर एक बाई मरून पडल्याचे कळले. पोलिसांनी विचारले तेव्हा मी तिला कधी पाहिले नाही असे सांगितले. ते खोटे होते. माझ्या तेरवीला तिच्या नावाचे एक पान वाढावे. नाव मला माहीत नाही.

५. माझे पेन्शन माझ्याबरोबर बंद होईल. बँकेत जे असेल ते या माणसांच्या तांदळाला आणि औषधाला लावावे. ते फार दिवस पुरणार नाही. गेल्या चार महिन्यांत मी सात संस्थांची दारे वाजवली. एका ठिकाणी आधार कार्ड मागितले, एका ठिकाणी म्हणाले, चालते-फिरते असतील तेवढे आणा. चालते-फिरते तीनच आहेत.

६. घर मी मंगली हिला देत आहे. मंगली देवरीकडच्या जंगलातली. अकरा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिच्या दोन्ही मनगटांवर दोराचे वण होते. डोके फिरले म्हणून घरच्यांनी तिला गोठ्यात बांधून ठेवले होते. औषधाने ती बरी झाली. आता बाकीच्या आठ जणांचे सगळे तीच करते. म्हणून मी आधी असे लिहिले होते की, तिने हयातभर येथेच राहावे, या लोकांना सांभाळावे, न सांभाळल्यास तिचा हक्क जाईल. हे मी तिला वाचून दाखवले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बाई, आता तुमी बी मले बांधून राहिल्या का?"

मी तो कागद सही न करताच फाडला. हे दुसऱ्यांदा लिहीत आहे. घर मंगलीला, कोणत्याही अटीशिवाय. तिने ते विकले, कुलूप लावून निघून गेली, तरी कोणी तिला जाब विचारू नये. त्या आठ जणांचे काय होईल हे मला माहीत नाही. राहशील का, असे मी तिला त्याच दिवशी विचारले होते. ती निवडलेली भाजी उचलून आत गेली. मी पुन्हा विचारलेले नाही.

वाचून, समजून, माझ्या हाताने सही केली.

शामकला योगराज रहांगडाले

आमच्या समक्ष सही झाली:
१. ओमेश पतिराम कटरे, ऑटोचालक, कुडवा
२. दामिनी स्वप्निल तुरकर, शिक्षिका, गोंदिया

स्थळ: कुडवा, गोंदिया
दिनांक: ११ ऑगस्ट २०२५