पत्र्यावरचं वजन

शिवप्रसादअण्णा,

नमस्कार आज लिहीत नाही.

सकाळी लातूरच्या माझ्या होस्टेलवर किरणोत्सर्ग मोजणारे साहेब आले. फाटकापाशीच त्यांचं यंत्र वाजायला लागलं. तू दिलेला शिशाचा जड डबा त्यांनी पत्र्यावरून उतरवला. त्याचं झाकण तुटलेलं निघालं. खाली कोचिंगच्या चार पोरी झोपत होत्या. त्यांच्या आईबापांना काय सांगू?

"भूकंपापासून डोक्यावर दगड नको म्हणतेस, तर पत्रा उडू नये म्हणून हे ठेव," म्हणालास. अहमदपूरच्या तुझ्या कागद गिरणीत लगद्याची पातळी मोजणाऱ्या यंत्रातला, किरणोत्सर्गी पदार्थाचा डबा तो. गिरणी बंद पडली आणि तो तुला नकोसा झाला. त्यावरचं धोक्याचं पिवळं चिन्ह तू घासून काढलंस. म्हणजे तुला सगळं माहीत होतं.

सरकारला तू लिहून दिलंस, साहेबांनीच कागद दाखवला, की डबा आपल्या गावच्या घरात ठेवला होता, भूकंपात गाडला गेला.

अण्णा, त्या घराचा ढिगारा मी या हातांनी उपसला, नीला सापडेपर्यंत. तिथं माझी लेक होती. तुझा डबा नव्हता.

हे पत्र टपालात टाकत नाही. साहेब अजून अंगणात बसलेत, त्यांनाच जाऊन सांगते.

नीलाची आई,
अंबिका