डाव्या कोपऱ्याचा उजवा खांदा

सर, काल मी एका चांगल्या खेळाडूला नाकारलं आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलावंसं वाटतंय. तुम्हाला जाऊन सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात कबड्डी कुठल्या कुठे गेली. आता दिव्यांच्या झगमगाटात मॅटवर खेळतात, टीव्हीवर दिसतात, खेळाडूंचे लिलाव होतात. अशाच एका व्यावसायिक संघासाठी मी कॉलेजांच्या स्पर्धा पाहत हिंडतो आणि कोण वर टिकेल ते लिहून देतो. टपरीवर लोक मला सिलेक्टर साहेब म्हणतात. तुम्ही ऐकलं असतं तर तोंडातली शिट्टी पडेपर्यंत हसला असता.

काल स्पर्धा वर्ध्याला होती, म्हणून सकाळी मुद्दाम पवनारवरून गेलो. शाळेमागच्या आपल्या मैदानावर आता गवत आहे. पण मला दिसलात ते तुम्हीच, धोतराचा सोगा खोचून बादलीने पाणी शिंपणारे, माती हाताने सारखी करणारे. सामना संपला की पोरं बस गाठायला पळायची आणि तुम्ही मला मानगुटीला धरून कोपऱ्याशी न्यायचात. चढाई करणाऱ्याकडे सगळा गाव पाहायचा. तुम्ही पाहायचात ते कोपऱ्यात उभ्या असलेल्याच्या पावलांचे ठसे. "हे पाह्य, टाच रुतली. भेला हा. चढाईवाला आला का मांगं सरकते. अन् हे पाह्य, नुसता पंजा. हा टाइमाची वाट पाहून राह्यला होता." मग घरी काकूंच्या चुलीपुढे भाकर, वांग्याचं भरीत, आणि ताटाशेजारी बोटांनी पुन्हा तोच सामना. काकू ओरडायच्या, "त्याले जेवू तं द्या!" तसं भरीत मी नंतर कुठेच खाल्लं नाही, सर, आणि तशी शिकवणीही कुठे मिळाली नाही.

तरीही कित्येक महिने मी तुमचा राग राग केला. कॉलेजचं शेवटचं वर्ष होतं. मुंबईच्या एका मोठ्या खात्याच्या संघाचे लोक खेळाडू निवडायला आले होते. निवड म्हणजे नोकरी. मी डावा कोपरा खेळत होतो, त्या दिवशी चार पकडी केल्या, आणि माझ्या नावापुढे त्यांनी खूण केलेली मी स्वतः पाहिली. मग त्यांनी तुम्हाला बाजूला घेऊन काही विचारलं आणि खूण खोडली. माझा उजवा खांदा दोनदा निखळला होता. मी ते घरीसुद्धा सांगितलं नव्हतं. पण डावा कोपरा उजव्या हाताने शेजाऱ्याशी साखळी करतो, आणि मी शेजाऱ्याला हात देण्याऐवजी नुसती बोटं द्यायचो, कोपर बरगडीला चिकटवून. तुम्हाला ते कधीचंच दिसलं होतं. मी विचारण्याआधी तुम्हीच चालत माझ्यापाशी आलात.

"तुह्या खांद्याचं मीच सांगतलं त्यायले."

"काऊन सांगतलं सर?"

"त्यायनं इचारलं. तिसऱ्यांदा गेला तं हात जिंदगीभर वर जानार नाई. मले शिव्या द्याच्या असन तं दे."

मी दिल्या. सगळ्या पोरांसमोर म्हणालो, तुमी माह्यं वाटोळं केलं. तुम्ही ऐकून घेतलंत. पूर्ण हिवाळा मी मैदानाकडे फिरकलो नाही. एका सकाळी आम्ही मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होतो आणि तुम्ही बांधावरून उतरून आलात. बाबांनी चहा विचारला, तुम्ही नको म्हणालात, खाली बसलात आणि आमच्यासोबत जुड्या बांधू लागलात. फार वाईट बांधल्यात, बाबांना सगळ्या सोडून पुन्हा बांधाव्या लागल्या. निघताना एवढंच म्हणालात, "उद्यापासून येजो. खेळाले नाई, पाहाले." आज मी जे चार घास खातो ते त्या पाहण्याचेच आहेत.

तर कालचा मुलगा. जामजवळच्या खेड्यातला, कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला, डावा कोपरा. मॅटवर ठसे उमटत नाहीत, पण त्याची टाच एकदाही टेकली नाही. अशी वाट पाहणारा खेळाडू मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. मी तर उभा राहून टाळ्या वाजवल्या. मग उत्तरार्धात त्याने शेजाऱ्याला बोटं दिली. कोपर बरगडीला. संघाच्या डॉक्टरांनी सकाळीच त्याचा हात वरखाली करून त्याला पास केलं होतं, म्हणजे हे फक्त मलाच ठाऊक होतं. सामन्यानंतर मी त्याला गाठलं.

"किती वेळा निखळला?"

आधी तो हसला. मग खाली पाहत म्हणाला, "दोनदा. लिहू नका सर. एकच सीझन खेळू द्या, मग तुटला तरी चालते."

मी गाडीत बसून लिहिलं. खांद्याचं सगळं लिहिलं, यंदा घेऊ नये, उपचार करून पुढच्या वर्षी जरूर पाहावा, असं लिहिलं आणि पाठवून दिलं. लिहिताना तुम्ही शेजारी असल्यासारखं वाटलं. इथवर ऐकून तुम्ही कदाचित मान डोलावली असती.

पण संध्याकाळी निवडीची यादी वाचून दाखवल्यावर तो धावत माझ्याकडे आला. डोळे लाल झाले होते. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "डॉक्टरांनी अडवलं रे. मी खूप सांगून पाहिलं." तो म्हणाला, "तुमी तं माह्यासाठी लय केलं सर," आणि वाकून माझ्या पाया पडला. मी पडू दिलं.