बंडोपंत निवृत्त झाले, बाबा

प्रिय बाबा,

आज सकाळी बातमी आली. आपल्या मेक्सिकन गोलकीपरने खेळ थांबवला. पेपरच्या ऑफिसने त्याच्यावर लेख मागितला, तो मी वेळेत दिला. पण त्यात तुमचे ‘बंडोपंत’ कुठेच नव्हते, म्हणून हे पत्र.

त्याचं खरं नाव तुम्ही कधी घेतलंत? पहिल्या वर्ल्डकपला तो नुसता बाकावर बसला होता, तेव्हाच तुम्ही त्याचं बारसं केलंत. पुढच्या वेळीही तो बाकावरच. मी हसले, तर म्हणालात, “थांब गं. ऑपरेशन थिएटरमध्ये मीसुद्धा सुरुवातीला कोपऱ्यातच उभा असायचो.”

मग एकदाचा तो खेळला आणि एकही गोल आत जाऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये तुम्ही पेढे वाटलेत! पुढे तो युरोपात पडेल संघांकडून खेळत राहिला. गोलांवर गोल खात होता, पण तुम्ही ढळला नाहीत. “पुढे बचाव करायला कुणी नाही, तो एकटा काय करील? आम्हा भूलवाल्यांचंही तेच. पेशंट नीट उठला, तर आमची आठवण कोणाला येते?”

पण त्याचा फोटो फ्रेम करून आजी-आजोबांच्या शेजारी लावायची काय गरज होती, बाबा?

हळदीकुंकवाला पहिल्यांदाच आलेल्या जोशीकाकूंनी तिन्ही फोटोंना नमस्कार केला आणि हळूच विचारलं, “हे कोण? फार लवकर गेले हो.”

तुम्ही शांतपणे म्हणालात, “गेलेत कुठे? परवाच पेनल्टी अडवली त्यांनी.”

आई आठवडाभर धुमसत होती. “जिवंत माणसाला तिथे लावतात का?”

तुम्ही गेलात आणि सगळं उलटं झालं. तुमचा फोटो फ्रेम होऊन आला, पण आईने तो साडीत गुंडाळून कपाटात ठेवला. विचारलं की म्हणायची, “भिंतीवर जागा नाही.” बर्मिंगहॅमच्या त्या एवढ्या मोठ्या घरात, बाबा! तिथल्या मराठी मंडळातही जाणं तिने सोडलं. भेटायला आलेल्यांना ती दारातूनच वाटेला लावायची. मला तिची काळजी वाटत होती.

आज तिला बातमी सांगितली आणि म्हटलं, “आता तरी बंडोपंतांना काढू या? बाबांना तिथे लावू.”

आईने पदराने त्याची काच पुसली. “खेळायचा थांबला, म्हणून लगेच भिंतीवरून काढायचा? आहे की तो.”

मग ती आतल्या खोलीत गेली. कपाट उघडल्याचा आवाज आला.

“इकडे लाव,” ती म्हणाली. “आजोबांच्या बाजूला नको. बंडोपंताच्या शेजारी. गप्पा मारतील दोघं. आणि हार नाही घालायचा हं.”

खिळा मी ठोकला. थोडा तिरका गेलाय, चालवून घ्या. आईने लगेच जोशीकाकूंना फोन लावला. “रविवारी चहाला या. हो, दोघंही आहेत भिंतीवर.”

तुम्हाला शब्द देते. बंडोपंत तिथून हलणार नाहीत. आणि हे कोण म्हणून कुणी विचारलं, तर तुमच्यासारखंच अगदी बाकावरच्या दिवसांपासून सांगेन. पाहुण्यांचा चहा गार झाला तरी मधे थांबणार नाही.

तुमची,
अश्विनी