आबांनी सायकल सावलीत नेली

मंगळवार, २१ एप्रिल. साक्रीच्या अलीकडचं गाव.

राग अजून उतरत नाही. दुपारी ऊन सोसेना म्हणून इथल्या एका आबांच्या ओसरीवर आडवी झाले. फोन बंद पडलेला. तो कॅरिअरवरच्या सोलर पॅनेलला जोडून सायकल मुद्दाम उन्हात ठेवली होती. उठून बघते तर सायकल कडुनिंबाखाली, आणि फोन तसाच बंद.

"ऊनमा चाक फुटी जाई ना ताई, म्हनीसन सावलीमा लाई दिनी," आबा म्हणाले.

मी ओरडले. आज भडगावला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन, चार वाजता फोन करते म्हणाले होते, सगळं त्यांना सुनावलं. ज्यांनी न मागता ताक दिलं, त्यांना!

आबा ओशाळले. "मंग घरमा लाईट शे ना, लाई द्या."

आणि मी नाही म्हटलं. का? तर जळगावहून निघताना सगळ्यांना सांगून बसले होते, दीपनगरची कोळशावरची वीज घेणार नाही, सगळा प्रवास फक्त उन्हावर. सायकल सावलीत आबांनी नेली, कबूल. पण चार पावलांवरच्या बोर्डापासून मला कोणी अडवलं? आईला ताटकळत कोणी ठेवलं?

सहाला निमूट आत जाऊन फोन बोर्डाला लावला आणि आईला केला. आई म्हणाली, "झालं गं व्यवस्थित. तू जेवलीस का?"

बाहेर आले, तर आबा सायकल ढकलत अंगणात उरलेल्या हातभर उन्हाकडे नेत होते. त्यांना थांबवायचंही तोंड मला उरलं नव्हतं.