नाळेचं रक्त आणि मामय्यांचे मुहूर्त

करीमनगर

तीर्थरूप मामय्यांच्या चरणी श्रावंतीचा नमस्कार (पोटामुळे वाकता येत नाही, तेव्हा उभ्यानेच केलेला गोड मानून घ्यावा). तुमचा गुडघा आता कसा आहे? मी बरी आहे, नववा सरत आलाय. फोनच केला असता, पण सासूबाई सतत शेजारी असतात.

माझ्या प्रबंधाचं तुमच्यामुळे वाटोळं होत आहे, हे आदरपूर्वक कळवते. बाळांच्या नाळेच्या रक्तातली संप्रेरकं मोजायची, कळा सोसून आलेल्यांची आणि ठरवून पोट कापून काढलेल्यांची तुलना करायची, एवढंच काम. पण आमच्या दवाखान्यात कळांची वाट बघतं कोण? सगळ्या तुमच्याकडून मुहूर्त काढूनच येतात. परवा एकाच पुष्य नक्षत्रावर तिघींनी हक्क सांगितला आणि टेबल एक. तिघींच्या सासवांची दारातच जुंपली, आणि भूलतज्ज्ञ तुम्हाला फोनवर विचारत होते की सुई आत्ता टोचू की राहुकाळ सरल्यावर. (तुम्ही थांबा म्हणालात, ते थांबले. माझ्यासाठी ते कधी थांबत नाहीत.)

शेवटी एकदाची पोशव्वा आली, विड्या वळणारी, रिक्षातच अर्धी बाळंत झालेली. मी नळी घेऊन धावले तर तिची सासू आडवी.

"डॉक्टरम्मा, आमचं पोर कुणाला न विचारता आलंय, तोच घोर लागलाय. आता वर रक्त कशाला?"

तिची समजूत घालता घालता मीच घामाघूम झाले. पण त्या रक्तात ताणाची संप्रेरकं चांगलीच चढलेली निघाली. कळांच्या झटापटीतच बाळ जागं होतं, फुप्फुसातलं पाणी ओसरतं, श्वासाची तयारी होते. कळांविना काढलेल्यांचं रक्त त्या मानाने शांत, भर झोपेतून उचलल्यासारखं. अडलेल्या बाईला सुरी देवासारखी धावून येते, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण विनाकारण, मामय्या? हल्ली मी याचाच विचार करत बसते.

तुमची लाडकी (निदान आजवर तरी),
श्रावंती

ता. क. मामींना सांगा, गोंगुऱ्याच्या आंबट पाल्याचं लोणचं पोचलं आणि संपलंही.

ता. क. सासूबाईंनी गुरुवारचा मुहूर्त 'शेजारच्या सुनेसाठी' म्हणून नेला ना? ती सून मीच. बाळ नीट वळलंय, सुरीचं काही कारण नाही. 'माझं गणित चुकलं' असं तुम्ही जन्मात कुणाला म्हणाला नाहीत, ठाऊक आहे. माझ्यासाठी एकदा म्हणा. मला कळांची भीती वाटते, पण त्याला झोपेतून ओढून काढण्याची जास्त वाटते.

ता. क. एवढं लिहीपर्यंत कळा सुरू झाल्या. पत्र घेऊन यांना स्कूटरवर पाठवते आहे. पंचांग उघडू नका. सासूबाईंना फोन करून एवढंच सांगा, वेळ उत्तम आहे.