आठ हजारांची हुशारी

३ मार्च
नऊ पेन्स! मैलाला नऊ पेन्स दंड!
माझ्या नातीनं, नेरिसनं, गाडीचे कागद आज टेबलावर आपटले. हप्त्याची गाडी, तीन वर्षांनी परत करायची. वर्षाला आठ हजार मैलांच्या वर गेली की दंड. घेतली तेव्हा नात कोपऱ्यावरच्या चष्म्याच्या दुकानात कामाला होती. विकणारा म्हणत होता, "बारा हजार लिहू या." मी म्हटलं, "जाते कुठं ती? आठच लिही." महिन्याचे अठरा पौंड वाचवले म्हणून क्लबभर मिरवले!
आता बाईसाहेब ब्रिस्टलच्या इस्पितळात नकली पाय बनवतात. जाऊन-येऊन रोज एकशेचार मैल. गाडी परत जाणार सप्टेंबरात, मैल उरलेत २१८०. महिनाभरात उडतील. पुढं हजार पौंडांचा खड्डा. तो खणला कुणी? मी.
"तिकडंच खोली घे," म्हटलं.
"भाडं परवडत नाही, नॅन."
पेट्रोल परवडतं होय!

४ मार्च
स्वयंपाकघरात फळा टांगला. शाळेत मी टिकले नाही, पण क्लबात डार्टच्या खेळाचे गुण लिहायला तीस वर्षं खडू माझ्याच हातात. पाचशे एकापासून शून्यापर्यंतची वजाबाकी झोपेतही येते. उरलेला एकेक मैल राखते की नाही बघा.

७ मार्च
शेजारच्या इड्वलला पकडलं. विधुर, पेन्शनर. गाडी तीस वर्षांची — तिला मैलांची अट नाही आणि लाजही नाही. नेरिसला सोडायच्या कामाला लावला. दोन्ही दिवस उशीर! मोठ्या रस्त्यावर चाळीसच्या वर जात नाही.
"मागचे लॉरीवाले शिव्या देतात आणि हा त्यांना हात करतो, नॅन! त्याला ते ओळखीचे वाटतात!"

१० मार्च
डोकं चाललं. गाड्याच बदलल्या! विम्यात दोघांची नावं दोन्हीकडं घातली. नेरिस त्याच्या डबड्यातून ब्रिस्टलला, तो तिच्या चकचकीतातून क्लबला. क्लब अर्धा मैल. फळ्यावर १८६०. आता आकडा हलतोय कशाला!

२ एप्रिल
पाऊस. गुडघा. बिंगोत काही नाही.

१० एप्रिल
सहज गाडीत डोकावले. १५५०! तीनशे मैल सांडले कुठं?
इड्वलला कुंपणापाशी गाठलं. "काय रे, बाई ठेवलीस काय?"
"नाही गं, बेरिल. दोन रविवार टेन्बीला गेलो. समुद्र बघायला."
"समुद्र काय पळून चालला होता?"
मान खाली घालून म्हणाला, "सीट गरम होते गं. पाठीला बरं वाटतं."
चोर मेला!

१४ एप्रिल
सीट खरंच गरम होते.
समुद्र जागेवर होता. चिप्स तेलकट. फळ्यावर १५३० लिहिलं. तीस वर्षांत पहिला खोटा आकडा — आणि खाली ठसठशीत रेघही ओढली!

१९ मे
टेन्बी. पुन्हा. इड्वलचा हात धरला. वारा होता म्हणून.

२ जून
खरे ३५०, फळ्यावर १४९०. पोरीचे पैसे वाचवायला निघाले आणि मैल मीच खाऊन बसले. इड्वलला सांगितलं — टेन्बी बंद. "बरं," म्हणाला. मग दिवसभर रंगवलेलंच कुंपण रंगवत बसला.

७ जून
नेरिसनं ब्रिस्टलला खोली घेतली. पुढच्या महिन्यापासून.
"आता बरं भाडं परवडतं!" म्हटलं.
फळ्याकडं बघून हसायलाच लागली. "नॅन, गाडी कुठं जाते ते मला फोनवर दिसतं. दर रविवारी टेन्बी. तीन-तीन तास!"
मी किटलीकडं वळले. तोंड कुठं लपवायचं?
"आणि या रविवारी का गेली नाही? भांडलात काय? जा की. वरच्या मैलांचं मी बघते."

८ जून
आज बाहेर पडता पडता दारात बोलली. भाडं तेव्हाही परवडत होतं म्हणे. म्हातारी घरात एकटी पडेल म्हणून रोज एकशेचार मैल करत होती.
आणि मी समजत होते, मीच तिला सांभाळते. मूर्ख पोरगी!