तर आणि तरच

ता. ३ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही हे माझ्या पथ्यावरच पडलं. हे सगळं मला बोलता आलं नसतं. परीक्षा तेवीस दिवसांवर आली. वयाच्या अटीमुळे ही शेवटची. बाकीचे विषय होतील, घोडं अडलंय ते तर्काच्या पेपरात. अर्ध्या तासात चाळीस प्रश्न, त्यातले चौतीस बरोबर यायला हवेत.

प्रश्न वाचून होईतो उत्तर माझ्या मनात आलेलंच असतं. कसं, ते सांगता येत नाही. अशी एकोणतीस बरोबर येतात. क्लासच्या सरांना आम्ही गोलगोल सर म्हणतो. त्यांचं म्हणणं, मनात येणं हा पुरावा नव्हे, प्रत्येक प्रश्नाला वर्तुळं काढा. काढली. बावीसच प्रश्न झाले, पण बावीसही बरोबर! आता धड अंदाज येत नाही आणि वर्तुळंही पुरी होत नाहीत. कामावर, प्रयोगशाळेत, बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवताना हात थांबतो. काल एकच बाटली तीनदा तपासली. माझ्याबरोबर खोलीत राहणारी नर्स म्हणते, तू बसल्या जागी येरझाऱ्या घालतेस.

तू एकतीस वर्षं व्याकरण शिकवलंस. मनाचं ऐकू की कागदाचं? चुकलेले अकरा प्रश्न सोबत उतरवलेत.

घरी गेले नाही. दीड वर्ष झालं. आईचं वाक्य तुला माहीतच आहे: ‘पास झालीस तर घरी ये.’

आशीर्वादाची जरा जास्तच गरज असलेली,
तुझी भाची


ता. ८ मार्च

चि. चिमणे,
अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा नुसतं अक्षर बघायला. तुझ्या उकारांच्या शेपट्या लांबल्या की झोप कमी पडतेय, हे तू दहा वर्षांची होतीस तेव्हापासून मला कळतं.

मीही अंदाजानेच वह्या तपासायचे. चुकीच्या वाक्यावर लाल पेन्सिल आपोआप थांबायची, नियम मागून आठवायचा. आमच्या मुख्याध्यापिका सिस्टर म्हणायच्या, आधी वाक्याचे तुकडे पाडून दाखवा. मी मनात नाक मुरडायचे. एका वर्षी एका अबोल मुलीच्या वहीत पेन्सिल सारखी अडायला लागली. तुकडे पाडले तेव्हा कळलं, वाक्यं बरोबर होती. मला तिचं अक्षर आवडत नव्हतं. अजून ते आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

म्हणून तुझे अकरा प्रश्न घेऊन जेवणाच्या टेबलाशी बसले. नऊ एकाच तऱ्हेने चुकलेत. हा बघ: दिवा लाल असेल तर यंत्र बंद असतं. यंत्र बंद आहे. मग दिवा लाल आहे का? तू ठोकून दिलंस, हो. अगं, वीज गेल्यामुळेही यंत्र बंद असेल. तू वाचलंस ‘तर’, तुला ऐकू आलं ‘तरच’. आणि बहिरी म्हणे मी.

हे कुठून आलं तेही सांगते. दूध संपवलंस तर खेळायला जा, पाढे आले तर गोष्ट. माझी बहीण भातुकलीतसुद्धा अटी घालायची. शेवटचा ‘च’ ती गिळायची आणि आपण सगळे तो ऐकायचो.

तेव्हा ‘तर’ दिसलं की वर्तुळ काढ, बाकीचं मनावर सोड. एक मी काढलंय, बशी आणि पेला पालथा घालून. बशीचं मोठं वर्तुळ म्हणजे घरी येणं. आतलं पेल्याचं, पास होणं. पेल्याबाहेर पण बशीच्या आत केवढी जागा उरली बघ. तिथे उभं राहायला मनाई आहे, असं तुझ्या आईच्या वाक्यात कुठे आहे?

झोप काढ. माया आहे तशीच आहे.
मावशी


ता. १४ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

तुझा कागद सरांना दाखवला. वर्तुळं बरोबर आहेत म्हणाले, पण हा प्रश्न कुठल्या पुस्तकातला? मी सांगितलं, घरचा. कालच्या चाचणीत पस्तीस आले.

तरी चैन नाही. कागदावर जागा उरते गं, दारात नाही. आई ‘च’ म्हणाली नाही, पण तो होता. हे मला आतून कळतं, आणि निदान तिच्या बाबतीत माझं मन चुकायचं नाही.

रागावू नकोस.
तुझी भाची


ता. १८ मार्च

चि. चिमणे,
अनेक आशीर्वाद.

बहिणीला विचारावंसं वाटलं, पण विचारलं की ती अट पक्की करेल. तुमच्या प्रश्नांना चौथा पर्याय असतो, ‘सांगता येत नाही’. त्या नऊ प्रश्नांत तोच बरोबर होता आणि तू एकदाही त्यावर खूण केली नाहीस.

निकालाआधी घरी जा. पास होऊन गेलीस, तर त्या वाक्यात ‘च’ होता की नव्हता हे तुला कधीच कळणार नाही.

पेपराला दोन पेन्सिली ने. वाट बघतेय.
मावशी


ता. २९ मार्च

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र घरून लिहितेय. पेपरात सात ‘तर’ होते, सात वर्तुळं काढली, बाकी मनावर. कसा गेला याचं उत्तर चौथा पर्याय. निकाल तीन आठवड्यांनी.

आईने दार उघडलं. आधी माझ्याकडे, मग पिशवीकडे पाहिलं आणि निकाल लागला का विचारलं. नाही म्हटलं. ती कडीला हात लावून उभी राहिली. मग आत गेली, पण दार उघडं ठेवून.

माझ्या पलंगावर धुतलेली चादर होती, उशीला ताजा अभ्रा. मी येणार हे तू कळवलं नव्हतंस ना?

तुझीच,
भाची

ता. क. आत्ता स्वयंपाकघरातून आई म्हणाली, ‘भूक असेल तर जेव.’ भूक नव्हती. पोटभर जेवले.